कंडक्टर म्हणायची, कळतं

वॉर्डात तिला सगळ्या कंडक्टरच म्हणायच्या, कारण ती खरोखरच बसवर कंडक्टर होती. सुट्टीच्या दिवशी घरी पाय पसरून बसायचं सोडून ही बाई हॉस्पिटलात यायची. तिचं स्वतःचं ऑपरेशन होऊन बरेच दिवस झाले होते. कॅन्सरपायी डावी छाती काढून टाकली होती, आणि मग डॉक्टरांनी पोटाची कातडी आणि चरबी घेऊन त्या जागी नवी बनवली होती. आमचं तेच ऑपरेशन नुकतं झालेलं. ती खाटाखाटांमधून फिरायची आणि एकेकीला उठवून चालायला लावायची. मला ती पहिल्या दिवशी मुळीच आवडली नाही.

पोटावर एवढे टाके असले की माणसाला सरळ उभं राहता येत नाही. जमिनीवर काहीतरी हरवल्यासारखं वाकून चालावं लागतं. शिवाय अंगातून निघालेल्या नळ्या आणि जखमेतलं पाणी साठायला त्यांच्या टोकाला लोंबणाऱ्या बाटल्या. मी म्हटलं, "आज राहू दे."

"आज राहू दे म्हणणारे उद्याही स्टॉपवरच उभे असतात," ती म्हणाली. "ऊठ." आणि तिने माझ्या गळ्यात एक कॅनव्हासची बॅग अडकवली.

ह्या बॅगा म्हणजे तिचा खास उद्योग होता. डेपोत तिकिटाच्या जुन्या बॅगा टाकून देत. ती त्या घरी न्यायची, उकळत्या पाण्यातून काढायची, उसवलेलं शिवायची आणि आम्हाला बाटल्या ठेवायला द्यायची. तिकिटांच्या कप्प्यात एक बाटली, सुट्ट्या पैशांच्या कप्प्यात दुसरी. नळ्या निघाल्या की बॅग धुऊन परत करायची, म्हणजे पुढचीला मिळते. माझ्या बॅगेच्या तळाशी कोणाचीतरी केसांची पिन निघाली. मी ती तिथेच राहू दिली.

मग आमची वरात कॉरिडॉरमधून निघायची. आम्ही पुढे वाकलेल्या आणि ती मागून ओरडतेय, "चला, पुढे सरका, मध्ये उभं राहू नका." एकदा हेडनर्स वैतागून म्हणाली, "बाई, हे हॉस्पिटल आहे, बस नाही." कंडक्टर म्हणाली, "खरंय. बसमध्ये निदान कुठे उतरायचं ते तरी माहीत असतं." मला हसू आवरेना. टाके असे ताणले की डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि मी तिला तोंडाला येईल ते बोलले. त्या दिवसापासून आमचं जमलं.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते, म्हणून मी चष्मेवाली झाले. माझ्या शेजारच्या खाटेवर एका कॉलेजची ग्रंथपाल होती, ती लायब्ररी. लायब्ररी मोजकं बोलायची आणि दुसऱ्याचं वाक्य चुकलं की दुरुस्त करायची. घरी गेल्यावरही आम्ही तिघी भेटत राहिलो, बहुतेक कंडक्टरच्या घरी. दोन खोल्यांचं घर, खिडकीत वाळत घातलेले दोन खाकी गणवेश. दोन, कारण तिचा नवरा ड्रायव्हर होता, आणि बहुतेक दिवस तिच्याच बसवर. आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो. भाऊ म्हणजे अगदी गरीब गाय. ती घंटी वाजवणार आणि हे गाडी हाणणार, असं घरीदारी सारखंच. आम्ही गेलो की ते चहा टाकायचे आणि कपबश्या ठेवून बाहेर जाऊन उभे राहायचे, आमच्या गप्पांत आपण नको म्हणून.

एकदा मी तिला विचारलं की, ताई, नवी छाती बनवून घ्यायचा एवढा खटाटोप तुम्ही केलात कशासाठी? माझं वय तरी कमी होतं.

"पट्ट्यासाठी," ती म्हणाली. "बॅगेचा आडवा पट्टा वर्षानुवर्षं एका जागी बसलेला. ती जागाच गेली. बॅग सारखी घसरून पोटावर यायची. मी ती वर ओढायची, आणि ओढली की लोक बघायचे. तिकीट हातात घेतील, बघतील तिसरीकडेच." मग म्हणाली, "आणि ह्यांना आरशात सगळं दिसतं ना. गाडी चालवताना वरचा आरसा असतो त्यात. मी बॅग ओढली की ह्यांचे डोळे आरशातून खाली जायचे. ते मला बघवेना."

माझा मुख्य प्रश्न वेगळाच होता. तो मी वॉर्डातच विचारला होता, ती पहिल्यांदा मला हाताला धरून संडासापर्यंत घेऊन गेली तेव्हा. डॉक्टर म्हणाले होते, तिथे स्पर्श फारसा कळणार नाही, कोणाकोणाला थोडा येतो, आशा ठेवू नका. मी तिला विचारलं, "ताई, तुम्हाला कळतं का हो? हात लावला तर?"

"कळतं की," ती म्हणाली. "आधी नाही कळत. मग जाड चादरीवरून कोणी हात लावावा तसं. मग हळूहळू येतं. माझं दुसऱ्या थंडीत आलं. डॉक्टरांना काय ठाऊक, त्यांचं थोडंच कापलंय?"

त्या एका वाक्यावर मी दिवस काढले. माझी धाकटी मुलगी तेव्हा लहान होती, माझ्या छातीवर गाल टेकल्याशिवाय तिला झोप लागत नसे. ऑपरेशननंतर तिला परत जवळ घ्यायची परवानगी मिळाली, ती त्या बाजूला येऊन निजली, आणि ती आहे की नाही हे कळायला मला मान खाली करून बघावं लागलं. मी मनाशी म्हटलं, असू दे, दुसऱ्या थंडीत येईल.

दुकानात चष्म्याच्या धातूच्या दांड्या थंडगार असतात. आतल्या खोलीत जाऊन मी एक दांडी तिथे लावून बघायची. दुसरी थंडी आली आणि गेली. दांडी लावलेली दिसायची, लागायची नाही. त्याच सुमारास लायब्ररीने एकदा चहा पिता पिता सांगितलं, "मला येऊ लागलंय. थोडं थोडं." कंडक्टरने माझ्याकडे बघितलं. "आणि तुझं?" मी म्हटलं, "हो, माझंही येतंय." सगळा वर्ग पास झाल्यावर आपण नापास आहोत हे कोण सांगेल? माझंच शरीर करंटं, असं धरून मी गप्प बसले. त्या रात्रीपासून धाकटीला मी दुसऱ्या बाजूला घेऊ लागले. ती कुरकुरली, कारण तिला तीच बाजू हवी असायची.

त्यानंतरच्या थंडीत ते झालं.

कंडक्टरचा ऑपरेशनच्या बाजूचा खांदा धरायचा. पहाटेची पहिली गाडी असली की भाऊ रबरी पिशवीत गरम पाणी भरून द्यायचे. ती पिशवी टॉवेलात गुंडाळून, कोटाच्या आत, खांद्यावर बॅगेच्या पट्ट्याखाली दाबून ठेवायची. पट्टा ती धरून ठेवायचा. त्या दिवशी टॉवेल ओला होता म्हणून तिने नुसतीच पिशवी आत घातली. कोटाखाली जाड स्वेटर होता, तेवढा पुरेल असं तिला वाटलं. गाडीत गर्दी झाली, आणि वाकून तिकिटं देता देता पिशवी पट्ट्याखालून निसटली, स्वेटरच्या गळ्यातून आत गेली आणि डाव्या छातीवर, पट्टा आणि कातडी ह्यांच्या मध्ये दाबून बसली.

त्या फेरीत तिने सगळी तिकिटं दिली. एका म्हाताऱ्याशी सुट्ट्या पैशांवरून भांडली, शाळेच्या पोरांना दारातून आत ओढलं. शेवटच्या स्टॉपच्या जरा आधी एक बाई म्हणाली, "अहो कंडक्टर, तुमचा कोट ओला झालाय." तिला वाटलं पिशवी गळतेय. तिने हात घातला तर पिशवी कोरडी होती. ओलं होतं ते फुटलेल्या फोडांचं पाणी.

भाऊंचा फोन आला तेव्हा त्यांना नीट बोलता येत नव्हतं. मी आणि लायब्ररी हॉस्पिटलात पोचलो, तेव्हा पडद्यामागे तिची जखम धुवायचं चाललं होतं. भाऊ पडद्याला लागून उभे होते, ड्रायव्हरच्या गणवेशात, ती रबरी पिशवी हातात तशीच. एक तरुण डॉक्टरीण आत काम करत होती. तिने अगदी साधेपणाने विचारलं, "एवढं भाजेपर्यंत तुम्हाला कळलं कसं नाही?"

कंडक्टर म्हणाली, "कळायला तिथे कधी काही कळलंय का?"

पडदा पातळ होता. तिला माहीत नसेल की भाऊ इतके जवळ उभे आहेत. किंवा माहीत असेलही, आणि ती थकली असेल. भाऊंनी पिशवीकडे बघितलं. मग ते बाहेरच्या बाकावर जाऊन बसले, आणि आम्ही त्यांच्या दोन बाजूंना.

"पाणी मी भरलं," ते म्हणाले. "रोजच्यासारखंच भरलं. विचारलं, फार गरम नाही ना? म्हणाली, बेताचं आहे." मग म्हणाले, "मी एकदाच विचारलं होतं तिला. अगदी पहिल्या वर्षी. म्हणाली, कळतं. मी मग परत विचारलं नाही. मला वाटायचं, मी हात ठेवलेला तिला कळतोय." एवढं बोलून हा मोठा माणूस दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागला. येणारेजाणारे बघत होते.

लायब्ररी भिंतीकडे बघत म्हणाली, "मलाही नाही कळत. कधीच कळलं नाही."

मी म्हटलं, "मग येऊ लागलंय असं कशाला सांगितलंस?"

"तिचं आलं होतं म्हणून. तू का सांगितलंस?"

तिचं आलं, हिचं आलं, म्हणून मीही सांगितलं. इतके दिवस आम्ही तिघी एका टेबलाशी बसून एकमेकींना येतंय येतंय म्हणत होतो, आणि घरी जाऊन एकेकटीने रडत होतो. एक जण जरी खरं बोलली असती तरी निदान रडायला सोबत झाली असती. मला कंडक्टरचा भयंकर राग आला. तोंडावर सांगायचं ठरवूनच मी आत गेले.

ती खाटेवर उताणी पडली होती. मला बघितल्याबरोबर म्हणाली, "शिव्या घाल. घालायला आलीयेस ना?" मग मला घालता येईनात.

"ह्यांनी विचारलं तेव्हा तोंड बघायला हवं होतंस," ती म्हणाली. "निकाल विचारायला आलेल्या पोरासारखं. माझ्या बाटल्या ह्यांनी रिकाम्या केल्या होत्या, मला आंघोळ घातली होती. त्या माणसाला मी नाही कसं म्हणू? म्हटलं, कळतं. आता ह्यांना एक आणि तुम्हाला दुसरं कसं सांगणार? तुमच्यातली कोणी चहा घेताना बोलून गेली असती. एका स्टॉपवर खोटं तिकीट दिलं की चेकर येईपर्यंत तेच देत राहावं लागतं." डोळे मिटून ती म्हणाली, "आणि तुम्ही तिथे वाकून उभ्या असायच्या, त्या बाटल्या घेऊन. विचारायच्या. मला दुसरं काही सुचायचंच नाही ग."

"पण दुसऱ्या थंडीत कशाला म्हणालात, ताई? मी वाट बघितली ना."

"लांबचं सांगितलं. म्हटलं, तोपर्यंत सवय होईल."

ती झाली नव्हती.

जखम चिघळली. डॉक्टरांनी आधी थोडं कापून बघितलं, मग सांगितलं की सगळंच काढावं लागेल, आणि परत बनवायला पोटावर आता काही उरलेलं नाही. दुसरीकडून घेता येईल, पण ती नको म्हणाली. ऑपरेशन झालं. आम्ही भेटायला गेलो तेव्हा डाव्या बाजूला सपाट पट्टी होती. भाऊ स्टुलावर बसून सफरचंद कापत होते. दोघांचं आपसात काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. ते तिला फोडी देत होते आणि ती खात होती, पण दोघं एकमेकांकडे बघत नव्हती.

शेजारच्या खाटेवर एक तरुण मुलगी होती. लग्नाला फार दिवस झालेले नसावेत. तिचं दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं, आमचंच. ती मघापासून आमच्याकडे बघत होती. कंडक्टरची ख्याती तिच्या कानावर गेली असावी, कारण बोलायचं धाडस करून ती म्हणाली, "ताई, एक विचारू? नंतर कळतं ना हो? हात लावलेला?"

भाऊंची सुरी थांबली. कंडक्टरने माझ्याकडे बघितलं, लायब्ररीकडे बघितलं. मला वाटलं, आता म्हणेल, कळतं. आणि खरं सांगते, माझ्या मनातून तिने म्हणावं असंच होतं.

"नाही कळत," ती म्हणाली. "कोणाला थोडं येतं म्हणतात. मला नाही आलं. ह्या दोघींनाही नाही."

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

"कधीच नाही?"

"नाही, बाळा."

"मग कशासाठी करायचं?"

ह्याची उत्तरं मला येत होती. कपडे नीट बसतात, रस्त्याने सरळ चालता येतं, आंघोळीला दार लावल्यावर डोळे मिटून घ्यावे लागत नाहीत. सगळी खरी होती. तिच्या तोंडाकडे बघून त्यातलं एकही मला बोलवलं नाही. ती मुलगी जरा वेळ वाट बघत राहिली, मग भिंतीकडे वळली आणि चादर तोंडात धरून रडू लागली. आवाज येऊ नये म्हणून ती धडपडत होती आणि तो येत होता.

कंडक्टरने उठायचा प्रयत्न केला. भाऊंनी तिला खांद्याला धरून परत निजवलं.

"बघ, चष्मेवाली," ती मला म्हणाली. "बोलले खरं. आता बघ तिच्याकडे."