ढुबुकराव हा शब्द माझा

बढाया मारून काम न करणाऱ्याला आमच्या मोशीतली जुनी माणसं अजून ‘ढुबुकराव’ म्हणतात. तो शब्द माझा आहे. तो सुचला तेव्हा मी बारा वर्षांची होते, चौथीतून शाळा सुटलेली. पिंपरीला कारखाने नुकते येऊ लागले होते.

माझा चुलता गावच्या तमाशात सोंगाड्या होता. लोकांना हसवणं हे त्याचं काम. त्या वर्षी त्याच्याकडे एका बढाईखोर कारभाऱ्याचं सोंग आलं आणि त्या कारभाऱ्याला नाव सुचेना. मी म्हणाले, “काका, ढुबुकराव ठेवा.” त्यानं ठेवलं.

बायकांना तमाशाला जायची बंदी होती. तरी खेळाच्या दुसऱ्या दिवशी नदीवर धुणं धुताना बायका आपापल्या नवऱ्यांना ढुबुकराव म्हणत होत्या. पिंपरीला कामाला जाणाऱ्यांनी तो शब्द तिथल्या मुकादमाला चिकटवला.

मग शब्द आला कुठून, यावर पारावर चर्चा झाली. शाळेचे गुरुजी म्हणाले, “फारसी असावा. जुना दरबारी शब्द.” सगळ्यांनी माना डोलावल्या. चुलत्यानंही डोलावली. दरबारी शब्द त्याला पुतणीच्या शब्दापेक्षा बरा वाटला असणार.

मी गवताचा भारा घेऊन तिथून चालले होते. तो खाली टाकला. “गुरुजी, शब्द माझा हाय. फारसी न्हाई, आमच्या हिरीतला हाय.”

“जा, भाकऱ्या थाप,” एक म्हातारा म्हणाला.

“थापल्यात. तुमी हिरीवर चला.”

गुरुजी उठले. चुलता आणि आणखी दोघं मागून आले. बापानं टाकून दिलेली फाटकी मोट गोठ्यात पडली होती. ती नाड्याच्या दोराला बांधून मी बैल जुंपले. मोट पाण्यात पडली ती ढुबुक करून, आवाज साऱ्या विहिरीत घुमला. बैलांनी ओढून वर आणली, तर पाणी ओंजळभर. बाकीचं भोकातून परत खाली.

“आवाज केवढा, पानी केवढं,” मी म्हणाले. “ह्यो ढुबुकराव.”

गुरुजी हसले. “म्हणजे मघाशी पारावर मीच होतो तो.”

चुलता जमिनीकडे बघत म्हणाला, “व्हय, नाव तिनंच दिलं.”

“हितं चौघंच हाईत, काका. पारावर सांगा.”

त्याला ते जड गेलं. पण गेला आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगितलं. मी समोर उभी राहून ऐकलं, मग भारा उचलून घरी आले.