आडव्या पट्टीचा भाला

धारवाल्या ताईला पाठीमागे सगळे ‘थांबाताई’ म्हणायचे. सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचं तिचं दुकान, चाक आणि पाण्याचा डबा मावेल एवढंच. शिकारीच्या दिवशी मात्र परवाना काढलेल्या पाच जणांच्या टोळीची मुकादम तीच. मळे उकरणाऱ्या रानडुकरांना मारायला निघालेले हे शूरवीर तिच्या एका शिट्टीपुढे चिडीचूप.

नारिंगी जाकीट घातल्याशिवाय झुडपात पाऊल नाही. गोळी लागून डुक्कर पडलं तरी घड्याळ लावून अर्धा तास जागचं हलायचं नाही. मग चढाकडून, त्याच्या पाठीमागून जायचं आणि लांब काठीने आधी डोळ्याला टोचून बघायचं. पापणी हलली नाही तरच ते मेलं. शिवाय ती स्वतः एक भाला वागवायची. पात्याखाली वीतभर लोखंडी पट्टी आडवी जोडलेली, म्हणजे भोसकलेलं डुक्कर दांड्यावरून तसंच रेटत अंगावर येत नाही. बावीस वर्षांत तो भाला एकदाही वापरायची वेळ आली नव्हती.

“ताई, त्यावर कपडे तरी वाळत घाल,” धाकटा भाऊ म्हणायचा. तो स्कूलबसचा ड्रायव्हर, तोंडाने फटकळ आणि स्वभावाने उतावळा.

“भाला माझा, खांदा माझा. तुझं काय जातंय?”

वडील पडलेल्या डुकराजवळ गेले आणि जिवंत परत आले नाहीत, इतकं भावाला ठाऊक होतं. तेव्हा तो सहा वर्षांचा होता. पण “जा बाबा, मेलंय ते,” असं म्हणणारी एकोणीस वर्षांची ताई होती, हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी दुपारी तीनला भावाचीच गोळी लागली आणि नाल्याकाठच्या झुडपात एक भलंमोठं डुक्कर कोसळलं. ताईने घड्याळ बघून हात वर केला. दहाव्या मिनिटाला झुडपात नारिंगी रंग हलला.

“अरे, थांब!”

“मेलंय गं! किती वेळ त्याचं तोंड बघत बसू?” भाऊ नाल्यातून ओरडला.

पाठोपाठ त्याची किंकाळी आली. भाऊ मांडी धरून पडला होता, त्याची बंदूक दूर उडाली होती आणि उठलेलं डुक्कर बरोबर त्याच्या आणि टोळीच्या मधे उभं होतं. टोळीतल्या सुताराने बंदूक खांद्याला लावली.

“नको! मागे तो आहे!” तिने नळी खाली दाबली आणि भाला घेऊन धावत सुटली. तिचे सगळे नियम गेले खड्ड्यात. “इकडे बघ, मेल्या!” ती ओरडली.

डुक्कर वळलं. तिने दांड्याचं टोक मातीत रोवून त्यावर पाय दिला आणि पातं त्याच्या छातीसमोर धरलं. पातं आत घुसलं, तरी ते रेटतच होतं. दांडा वाकला. त्याचा उष्ण, घाण श्वास तिच्या हातांवर येत होता. पण पट्टीने त्याला तिथेच अडवलं. असं किती वेळ चाललं, ते तिला अजूनही सांगता येत नाही. शेवटी ते कलंडलं, तसा सुतार धावत निघाला.

“थांब! आधी डोळा बघ!” ती ओरडली, आणि सुतार निमूटपणे काठी घ्यायला मागे फिरला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात, मांडीला सत्तावीस टाके घेऊन पडलेल्या भावाने पहिलं काय विचारलं असेल? “भाला मोडला का गं?”

“नाही.”

“मग होईल कपडे वाळत घालायला.”

ती हसली नाही. “बाबांना जा म्हणून मीच सांगितलं होतं,” ती म्हणाली. “मेलंय असं मी म्हणाले, म्हणून ते गेले.”

भाऊ छताकडे बघत राहिला. बावीस वर्षं तिला याचीच भीती होती. ती उठली आणि पिशवी उचलून दाराकडे निघाली.

“ताई,” तो मागून म्हणाला, “थांब ना.”

ती परत येऊन त्याच्या उशाशी बसली. भेटायची वेळ संपली म्हणून नर्सने दोनदा हटकलं, तरी ती हलली नाही.