हुसेनसागरच्या काठी, वन्संसोबत

नांदेडहून सकाळच्या गाडीत बसल्या बसल्या मी सुधीरला विचारलं, वन्संना सांगितलंस ना? माझा नवरा खिडकीबाहेर बघत हो म्हणाला. तीस वर्षांच्या संसारानंतर मला कळतं, असं हो म्हणजे नाही.

वन्सं म्हणजे सुधीरची थोरली बहीण, लग्नापासून नल्लकुंट्यात राहणारी. हैदराबादला गेलं की त्यांच्याकडेच उतरायचं, हा आमच्या घरचा कायदा. बहिणीचं घर असताना हॉटेलात राहिलो तर ती जन्मभर बोलणार नाही, असं सुधीर म्हणायचा, आणि ते खरंही होतं. पण दर खेपेला मी हैदराबाद पाहिलं ते त्यांच्या स्वयंपाकघरातूनच. या वेळी मी हट्टाला पेटले. दोन रात्री हुसेनसागरच्या काठावर, खिडकीतून पाणी दिसणाऱ्या खोलीत राहायचं.

खोली पाचव्या मजल्यावर होती. पडदा सारला आणि मी खिडकीला चिकटलेच. खाली रस्ता, पलीकडे पाणीच पाणी, मधल्या खडकावर शांत उभी बुद्धमूर्ती. बोटींचा धक्का पाच मिनिटांवर. संध्याकाळी काठाकाठाने पाय दुखेपर्यंत हिंडलो, इराणी चहात उस्मानिया बिस्किटं बुडवून खाल्ली. मी इतकी खुशीत होते, की सुधीरशी एकदाही भांडले नाही.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला पेसरट्टू (हिरव्या मुगाचा डोसा) होता. तो खाता खाता सुधीरने खिडकीतून काढलेला बुद्धाचा फोटो कौतुकाने घरच्या ग्रुपवर टाकला, हॉटेलच्या नावासकट. ग्रुपवर वन्संही आहेत, हे त्याला फोटो गेल्यावर आठवलं. तासाभरात त्या डबा घेऊन आमच्या दारात उभ्या.

"नल्लकुंट्यात आमचं घर असताना तुम्ही इथं? मोहल्ल्यात मी काय सांगू? सामान भरा, तमाशा नक्को."

सुधीर मुकाट्याने शर्टाच्या घड्या घालू लागला. ते बघून माझं डोकं सटकलं.

"वन्सं, तुमच्याकडे आले की मी पोळ्या लाटते आणि परत जाते. मला एकदा पाहुणी व्हायचं होतं."

बोलले आणि घाबरले. आता नातं संपलं, असंच वाटलं. वन्संनी डबा टेबलावर ठेवला आणि त्या खिडकीशी गेल्या.

"चाळीस साल झाले मला या शहरात," त्या म्हणाल्या. "हे पाणी बसमधूनच पाहिलं गं. मला तरी कोण पाहुणी केलं?"

त्यांनी पदराने डोळे पुसले. मला फार वाईट वाटलं, आणि त्या एकदम जवळच्याही वाटल्या. मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि खोलीतच चहा मागवला. पिऊन झाल्यावर त्या सवयीने कप विसळायला उठल्या, तेव्हा मी कप हातातून काढून घेतला आणि आज इथेच राहा म्हणून बजावलं.

खोली दोघांचीच, असं खालून कळलं. मग भावोजींच्या, म्हणजे वन्संच्या यजमानांच्या, सोबतीला सुधीरची रवानगी नल्लकुंट्याला झाली. आमच्यातलं कुणीतरी त्या घरी उतरलं, म्हणजे कायदाही मोडला नाही.

वन्संनी डब्यात बगारा खाना (खड्या मसाल्याच्या फोडणीचा भात) आणि खट्टी दाल आणली होती. पलंगावर मांडी ठोकून, पाण्याकडे बघत आम्ही डबा संपवला. ऊन उतरल्यावर बोटीने बुद्धापर्यंत गेलो. अडुसष्ट वर्षांच्या वन्सं हट्टाने सगळ्यांत पुढे बसल्या आणि तोंडावर तुषार उडाले की खुदखुदत राहिल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच इतकं निरखून पाहिलं. तीस वर्षं एकाच ओट्याशी उभ्या राहिलो, पण बोललो ते मिठातिखटापुरतंच.

परतीच्या गाडीत सुधीरची कुरकुर चालू होती, भावोजींनी त्याच्याकडून तीनदा चहा करून घेतला होता. मी ऐकत होते आणि मनातून फार सुखात होते. नांदेडला पोचल्याचा फोन त्याने बहिणीला लावला, तर त्यांनी त्याला सरळ मला फोन द्यायला सांगितलं.

"पुढच्या टायमाला आधी मला सांग," वन्सं म्हणाल्या. "मी बॅग भरून ठेवते."