इद्दर मागणी घालायला गेला तेव्हा

इद्दर रोज सकाळी भट्टीतली गरम रोटी उचलायचा आणि खायच्या ऐवजी अंगरख्याच्या आत, थेट पोटाला लावून ठेवायचा. खिंडीपर्यंत पोट बाहेरून गरम; खिंडीत बसून ती खाल्ली की आतून.

"अरे, रोटी खातोस की पांघरतोस?" आई विचारायची.

"आधी पांघरतो, मग खातो. तुझं एखादं घोंगडं असं खाऊन दाखव बघू."

माझा भाऊ वाटाड्या होता. परदेशी पाहुण्यांना अटलासच्या कड्यांवर न्यायचा आणि परत आणायचा. कोणी पाहुणा दमून बसला की जवळच्या एखाद्या खडकाला त्याचंच नाव देऊन गंभीरपणे सांगायचा, "ह्या खडकाचं नाव मादाम सोलांज." मादाम सोलांज लाजत उठायच्या आणि आणखी बराच वेळ चालायच्या. अशा रीतीनं आमच्या डोंगरावर अर्धा फ्रान्स वसला आहे.

कड्यावर तो शेळीसारखा निर्धास्त असे. घाबरायचा फक्त हद्दूकाकांना. तूदा त्यांची मुलगी, आणि तिच्याशी त्याला लग्न करायचं होतं. हे दरीतल्या सगळ्यांना, खेचरांसकट, ठाऊक होतं. काकांचं मतही सगळ्यांना ठाऊक होतं: "वाटाड्याला मुलगी देणं म्हणजे तिला जन्मभर खिडकीत बसवणं. त्यापेक्षा खेचराला देईन. ते संध्याकाळी घरी तरी येतं."

"हे ऐकून घ्यायला मी त्यांच्या दारात जाणार नाही," आई म्हणाली.

आमच्याकडे मुलाची वडीलधारी माणसं मागणी घालायला जातात. पुढे ढोल, मागे गाणाऱ्या बायका, आणि निळ्या कागदात गुंडाळलेल्या साखरेच्या उंच, टोकदार ढेपा. मुलगा स्वतः जात नाही. इद्दर गेला. एकटा, बिनढोलाचा, वडिलांचा जुना पांढरा अंगरखा घालून, ढेपा छातीशी धरून.

आता, ह्याच ढेपा आम्ही मयताच्या घरीही नेतो. तेव्हा ढोल नसतो, एवढाच फरक. आणि हद्दूकाका सर्दीमुळे काही दिवस घराबाहेर दिसले नव्हते.

झऱ्यावर पाणी भरणाऱ्या इत्तोआजीनं इद्दरला जाताना पाहिलं. भीतीनं त्याचा चेहरा उतरलेला होता. आजीनं घागर खाली ठेवली.

"गेला गं बाई हद्दू! बोलायला कडू होता, पण कोणाच्या शेतातलं पाणी नाही चोरलं त्यानं."

"एकदा चोरलं होतं," शेजारीण म्हणाली.

"मेलेल्याचं काढू नये."

मग ज्याच्या घरात जी ढेप होती ती घेऊन एकेक जण इद्दरच्या मागे चालू लागला, मान खाली घालून. इद्दरनं वळून पाहिलं तर अर्धं गाव पाठीशी. तो मला नंतर सांगायचा, "मला वाटलं, किती जीव आहे गं ह्यांचा माझ्यावर!" त्याचे डोळे भरून आले. ते पाहिल्यावर तर उरलीसुरली शंकाही मिटली, आणि बायकांनी रडायला सुरुवात केली. इद्दरला ते जरा जास्त वाटलं.

इत्तोआजी कोणाला न विचारता हद्दूकाकांच्या घरात शिरली, तिच्यामागे बाकीचे, आणि उंबऱ्याच्या आत ढेपांची रास पडली. तेवढ्यात आतल्या खोलीतून हद्दूकाका आले. अंगावर घोंगडं, नाक लाल.

"कोण गेलं?" त्यांनी घाबरून विचारलं.

"तू," आजी म्हणाली.

"मी? कधी?"

"आम्हाला काय ठाऊक? ह्या इद्दरला विचार. तो सगळ्यांच्या पुढे होता."

सगळे इद्दरकडे पाहू लागले. त्यानं उरलेली ढेप आणखी घट्ट धरली. "काका, मी... मी तूदाला मागायला आलोय."

"मी मेल्याशिवाय ते होणार नाही!"

"आम्ही तेच समजून आलो होतो ना," मागून कोणीतरी म्हणालं.

छपरावर तूदा वाळत घातलेले कपडे काढत होती. तिनं वरून वाकून पाहिलं. "बाबा, साखर उंबऱ्याच्या आत आलीय. आत आलेली साखर परत जात नाही. म्हणजे एक तर तुम्ही मेलात, नाहीतर माझं लग्न ठरलं. काय ते लवकर सांगा, मला कणीक मळायचीय."

काकांनी तोंड उघडलं आणि त्यांना शिंक आली.

"शिंकला म्हणजे जिवंत आहे," इत्तोआजीनं निकाल दिला. "लग्नच!"

काकांनी हात टेकले, पण अट घातली. अक्रोड झोडून झाले की लग्न, आणि त्यानंतर डोंगर बंद. खेचरं सांभाळायची, दिवेलागणीला घरात दिसायचं. इद्दर म्हणाला, "ज्यांना शब्द दिलाय तेवढ्या पाहुण्यांना नेऊन आणतो, मग तुमचाच."

मधल्या दिवसांत त्यानं आमच्या छपरावर एक खोली बांधायला घेतली. तूदा पाहायला आली.

"खिडकी गोठ्याकडे का काढलीस?"

"तुला डोंगराकडे बघत बसायला नको म्हणून."

"मग काय जन्मभर खेचरांची तोंडं बघू?"

"मी तिथंच असणार आहे की!"

"तेच तर म्हणतेय."

शेवटच्या पाहुण्यांना घेऊन उतरताना कड्यावरून दरड सुटली. पाहुणे पुढे निघून आले होते. एकाची टोपी मागे राहिली होती, ती आणायला वळलेला इद्दर दरडीखाली सापडला. त्याला आणायला हद्दूकाका स्वतः खेचर घेऊन गेले, दुसऱ्या कोणाला त्यांनी लगाम धरू दिला नाही. तूदा अजून आमच्याकडे येते. त्याच्या नकला करते, आणि आई हसता हसता तिला पाठीत धपाटा घालते.

त्या शेवटच्या फेरीला निघाला त्या सकाळी तो घाईत होता. पाहुणे खाली ओढ्याजवळ थांबले होते, मी भांडी घासत होते. गल्लीच्या वळणावरून तो ओरडला, "अगं, वरच्या खोलीचं दार ओढून घे, लिंपण ओलं आहे! कोंबड्या नाचतील त्यावर."