भिंतीखालचं पाणी

उन्हाळ्यात आमच्या विहिरीत एक चेहरा उलटा दिसायचा.

विहीर एक आणि घरं दोन. तंजावरच्या राजवाड्यामागच्या गल्ल्यांत अशा जोडविहिरी पुष्कळ होत्या. दोन परसांमधली भिंत सरळ विहिरीच्या तोंडावरून गेलेली आणि तशीच आत उतरलेली; अर्धी विहीर आमची, अर्धी शेजारच्यांची. दोन रहाट, दोन पोहरे, पाणी मात्र एकच. वैशाखात पाणी खाली गेलं की भिंतीचा पाय उघडा पडे आणि पाण्याच्या वर हातभर फट राहे… त्या फटीतून, पलीकडे दोर सोडायला वाकलेल्या मुलीचं तोंड पाण्यावर तरंगताना मला दिसे. कपाळ खाली, हनुवटी वर, दोन वेण्या आभाळाकडे गेलेल्या. ती शेजारची रुक्मा. पुढे माझी बायको झाली. लग्नात गल्लीला वळसा घालून या बाजूला आली, एवढाच तिचा प्रवास.

आता ती नाही. तेरा महिने झाले.

माझं शिक्षण पाचवीपर्यंत, तेही तमिळमध्ये. घरात मराठी बोलायचो, पण अक्षर एक येत नव्हतं. ही अक्षरं रुक्मानं लग्नानंतर शिकवली, विहिरीच्या कठड्यावर ओल्या बोटानं काढून. उन्हात ती पाहता पाहता वाळायची. ‘बरं आहे,’ ती म्हणायची, ‘तुमच्या चुका कुणाला दिसत नाहीत.’ म्हणून जसं येतं तसं लिहितो. शुद्धलेखन कुणी तपासू नये.

आडि महिन्याच्या, म्हणजे तमिळ आषाढाच्या, अठराव्या दिवशी सगळं गाव कावेरीला जायचं. आमच्या गल्लीला मात्र कावेरी घरी यायची. परसामागून एक पाट वाहत असे, नदीचं पाणी कालव्याकालव्यानं वाट काढत त्यात येई. आधी ओल्या मातीचा वास येई, मग बेडकांचा गलका, मग तांबूस पाण्याचं तोंड, पुढे पुढे केळीची सालं आणि नारळाच्या कवट्या ढकलत आलेलं… बायका चिंचेचा भात, गुळाचा भात, दहीभात पळसाच्या पानांवर घेऊन काठावर बसायच्या, मुली ताडपत्राची कर्णफुलं पाण्यात सोडायच्या. पाट भरला की चार दिवसांत विहीर चढायची. पायऱ्यापायऱ्यांनी पाणी वर येई, भिंतीच्या पायाला टेके, आणि फट बंद. मोठी माणसं पाण्याला हात जोडत. मी मनातल्या मनात पाण्याला शिव्या देत असे.

त्या पाण्याला गोडी होती. नुसतं म्हणत नाही. आमच्याकडे पाण्याची परीक्षा डाळीनं होत असे. कुणी नवीन विहीर खणली की मूठभर तुरीची डाळ त्या पाण्यात शिजवून बघायची. लोण्यासारखी झाली तर पाणी गोड, दाणा तसाच राहिला तर पाणी नुसतं धुण्याचं. जोडविहिरीच्या पाण्यात डाळ एका उकळीत फुलायची. आईच्या वरणाला हिंगाचा वास, वर कढीलिंबाचं एक पान… त्या वासानं मी शाळेतून पळत यायचो.

माझे आप्पा मुलामा द्यायचं काम करत. देवळातल्या समया, पालखीच्या दांड्यांवरच्या टोप्या, लग्नातली ताटं. परसात पत्र्याची शेड, तिच्यात मोठाले हौद. एकात मोरचूद कालवलेलं, मोराच्या मानेसारखं निळं. एकात कच्च्या कैरीसारखं हिरवं. आणि कोपऱ्यात तेजाबाची काचेची बरणी, जिच्या वासानं दात आंबायचे. मला ती जागा देवघराइतकीच सुंदर वाटे. काळवंडलेली समई आत जाई, चमकत बाहेर येई. हौदातलं पाणी मेलं, म्हणजे त्यानं रंग धरणं सोडलं, की ते फेकावं लागे. आप्पा आधी पाटात ओतत. एका सकाळी मासे पांढरी पोटं वर करून तरंगले आणि धोबी काठ्या घेऊन दारात आले. मग आप्पांनी पेरूच्या झाडाखाली एक खड्डा खणला, तळाला फुटक्या कौलांचे तुकडे घातले.

“यात ओतत जा,” मला म्हणाले. “जमीन आई आहे. तिला सगळं पचतं.”

त्यांनी खोटं सांगितलं नाही. त्यांना तसंच वाटत होतं. खड्ड्यापासून विहीर माझ्या तेव्हाच्या पावलांनी बारा पावलं. मी दहा वर्षांचा होतो, दोन्ही हातांनी बादली उचलून ओतायचो, आणि जमीन घटाघटा प्यायची. निळा फेस उरायचा, तोही निघून जायचा. मला वाटायचं, कुठे जाणार? खाली जातं.

पहिल्यांदा पेरू वाळला. मग दुसऱ्या उन्हाळ्यात एकदा पोहरा सोडायला गेलो तर पाण्यात उलटं तोंड दिसलं, पण ते हसत नव्हतं. गालावर चार बोटं उमटलेली.

“काय झालं गं?”

“डाळ शिजत नाही. तीन दिवस झाले. आई म्हणते माझं चुलीकडे लक्ष नाही.” मग दोर ओढत, “तुमच्याकडे शिजते का रे?”

आमच्याकडेही शिजत नव्हती. आई पहाटे रस्त्याच्या नळावरून गुपचूप घागर आणत होती, आणि आप्पांनी मला दटावलं होतं, परसातली गोष्ट परसात.

“शिजते की,” मी म्हटलं.

एवढंच. दोन शब्द.

ते पाण्यावरून पलीकडे गेले आणि रुक्माच्या आईपर्यंत पोचले. शेजारी शिजते म्हणजे मुलगीच ऐदी. पुढे कितीतरी दिवस त्या पोरीनं बोलणी खाल्ली, मार खाल्ला, नळावर रांगेत उभी राहिली. मग सगळ्या गल्लीच्याच विहिरी बिघडल्या. लोकांनी पाटाला दोष दिला, गटारांना दिला, पाट सडला होताच, दोष द्यायला सोपा. आमच्या विहिरीवर फळ्या आल्या. आप्पा गेल्यावर शेड मी चालवली. आणि हौद मेले की मीही त्याच खड्ड्यात ओतलं. आता मी दहा वर्षांचा नव्हतो. हे लिहायला हात अडतो, पण लिहितो.

रुक्मा दर आडि अठराला एक फळी सरकवायची, पोहराभर पाणी काढायची, मूठभर डाळ त्यात शिजायला ठेवायची. खायला नव्हे, बघायला. तासाभरानं एक दाणा चिमटीत धरून दाबायची. “कणी,” म्हणायची, म्हणजे आत अजून कच्चंच, आणि भांडं उपडं करायची. मी तिण्णैवर, पुढच्या ओट्यावर, जाऊन बसायचो. तिनं कधी काही विचारलं नाही. इतकी वर्षं एक बाई काही विचारत नाही, म्हणजे तिला ठाऊक नसतं की ठाऊक असतं? मी ठरवलं होतं, ठाऊक नसतं. सोयीचं होतं.

शेवटी तिची मूत्रपिंडं गेली. डॉक्टर म्हणाले, वय आहे, साखर आहे, पाण्याशी संबंध जोडू नका, तुम्ही नळाचंच पाणी प्यायलात. त्यांचं बरोबर असेल. मला रात्रंदिवस खड्डा दिसे.

यंदा माघात पाट साफ करायला माणसं आली. प्लास्टिक, गाद्या, काळा गाळ, काय काय निघालं. घरांचे मैल्याचे नळ वळवले. त्यांच्यातली मीनाक्षी, चष्मा लावणारी, स्कूटीवरून येणारी पोर, विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून न्यायची. मला ताता म्हणायची, तमिळमध्ये आजोबा. एके दिवशी ती माझ्या कठड्यावर बसली.

“ताता, पाट सुधारेल. ही विहीर नाही. हिच्यात धातू आहे, आणि येतोय कुठून ते सापडत नाही. सापडलं नाही तर बुजवायला सांगतील. नाहीतर इथून सगळ्या गल्लीत पसरत राहील.”

विहीर बुजवायची. मला त्या घटकेला धातू दिसला नाही. दोन वेण्या दिसल्या.

चेन्नईहून मुलीचा फोन आला, तिला खड्ड्याचं सगळं सांगितलं. तिला मराठी कळतं, बोलते अर्धं तमिळ. “नाना, सांगू नका कुणाला. आता कोण विचारतंय? नाव जाईल आपलं.” परसातली गोष्ट परसात. आप्पांचा आवाज नातीच्या तोंडातून आला.

दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या सकाळी काठी घेऊन परसात गेलो, विहिरीपासून शेडच्या पडक्या जोत्याकडे बारा पावलं मोजली, आताची पावलं पुन्हा तेवढीच लहान झाली आहेत, आणि काठी रोवली. “इथे खणा,” मीनाक्षीला म्हटलं. “मी ओतलंय.”

पुरुषभर खोलीवर माती निळी लागली. मोराच्या मानेसारखी, इतक्या वर्षांनी अजून तशीच. गल्ली जमली. समोरच्या सुंदरामावशी नव्वदीच्या, दोन्ही हातांनी नातसुनेला धरून आल्या, खड्ड्यात बघितलं, माझ्याकडे बघितलं.

“मेल्या, तू होय! अरे डाळीवरून मी सुनेला जन्मभर टोचून खाल्लं. म्हटलं माहेरी काही शिकवलं नाही. ती गेली बिचारी. आता मी पाया कुणाच्या पडू?”

मी मान खाली घातली. त्याच पुढे म्हणाल्या, “उभा काय राहिलायस? पोरांना पाणी तरी दे प्यायला. नळाचं दे!” लोक हसले. मीही हसलो असेन.

ती माती गोण्यांत भरून लॉरीनं गेली, असला विषारी माल ठेवायची जागा असते तिकडे. विहीर पुन्हा पुन्हा उपसली, पाणी टाक्यांत गाळून घेतलं. मीनाक्षी दर पंधरवड्यानं बाटली न्यायची आणि म्हणायची, उतरतंय. “प्यायचं कधी?” मी विचारलं. “ताता, खोटं सांगणार नाही. तुमच्या हयातीत बहुतेक नाहीच.” खोटं न सांगणारी पोर. मला ती आवडली.

काल आडि अठरा होती. पाटात तांबूस पाणी आलंय, नुसतं घोट्याएवढं, पण वाहतंय. बेडूक कुठून आले देव जाणे. समोरच्या घरातल्या पोरींनी कर्णफुलं सोडली, यंदा प्लास्टिकची, मीनाक्षी त्यांच्यावर ओरडली, मग तिनंच ती वेचून काढली. विहीरही चढलीये. पाणी भिंतीच्या पायाला टेकलं.

मी पोहरा सोडला. मूठभर डाळ घेतली, रुक्माची मूठ लहान होती म्हणून थोडी परत टाकली, आणि शिजायला ठेवली.

“खायची नाही हां,” मीनाक्षीनं दारातूनच दम दिला.

“बघायची आहे फक्त.”

उकळी फुटेपर्यंत कठड्यावर जाऊन वाकलो. पाण्यात माझंच तोंड होतं, म्हातारं, दातांवाचून. पलीकडच्या घरात आता भाडेकरू राहतात, त्यांचा रहाट गंजून गेलाय. तरी मी भिंतीकडे तोंड करून बोललो. मोठ्यानं बोललो, ऐकायला कमी येतं तिला, शेवटी शेवटी येतच नव्हतं.

“नव्हती शिजत गं. आमच्याकडेही नव्हती.”

फट बंद होती. आवाज पलीकडे गेला नाही, पाण्यावरून माझ्याकडेच परत आला.

मग आत जाऊन एक दाणा चिमटीत धरला आणि दाबला. वरचा पापुद्रा सुटला, कडा मऊ लागली. मधे कणी होती… पण बारीक.