साडेसहाशे पुरे

जेवण अंगावर आलंय. वृषाली कॉम्प्युटरच्या उघड्या कॅबिनेटशेजारी चटईवर आडवी होते, घटकाभर पाठ टेकायला म्हणून. उशाशी दोन खोकी. एकात कॉम्प्युटरला वीज पुरवणारा साडेसहाशे वॅटचा पॉवर सप्लाय, आधीच्यासारखाच; दुसऱ्यात हजाराचा. दुकानदार बागवान म्हणालेत, "दोन्ही न्या वहिनी, संध्याकाळी एक परत करा. फक्त खोक्याला डाग नको." शेजारी कुंकवाचा करंडा. नवी वस्तू कुंकवाचं बोट लावल्याशिवाय जोडायची नाही, ही तिच्या नवऱ्याची, हेरंबची रीत. तो जाऊन वर्ष होत आलं. मागे राहिली ती रीत, आणि त्यानं साडेसहाशेचाच सप्लाय घालून जोडलेलं हे कॉम्प्युटर. बिल्डरांच्या इमारतींचे व्हिडिओ आता तीच बनवते, आणि काम ऐन भरात आलं की हे मेलं फटकन बंद पडतं.

डोळा लागतो न लागतो तोच हेरंब समोर मांडी घालून बसलेला. अंगात शेवटच्या दिवशीचा चौकड्यांचा शर्ट.

"हजार?" खोकं उचलून तो हसतो. "मांडव घालायचाय का दारात?"

"आल्या आल्या सुरू झालास."

"अगं, हिशोब कर. ग्राफिक्स कार्ड साडेतीनशे, प्रोसेसर दोनशे, बाकी किरकोळ. साडेसहाशे पुरे."

"कार्ड मध्येच क्षणभर दुप्पट ओढतं, बागवान सांगत होते. शंभर पानांच्या पंगतीला मोजून शंभराचाच भात लावतं का कुणी?"

"बागवानला काय, महागडं खपवायचंय. आपल्याकडची लाईटच खराब, म्हणून बंद पडतं."

आता ते बागवानांच्या काउंटरपाशी उभे आहेत. काउंटरवर दवाखान्याची पांढरी चादर अंथरलीये, वर सलाईनची बाटली लटकतेय, आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाही. हेरंब काचेचं कॅबिनेट निवडतो, रंगीत दिवे निवडतो, दुकानातलं सगळ्यात भारी कार्ड निवडतो. पॉवर सप्लायपाशी येतो आणि हात आखडतो.

"तो आत दडलेला असतो," तो म्हणतो. "कोण बघायला जातंय?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात जाते.

"छातीतली कळही दिसत नव्हती, नाही का? तपासणी करा म्हणून डॉक्टर कानीकपाळी ओरडत होते, आणि तू पित्त पित्त करत सोडा पीत बसलास."

"पित्तच होतं." तो काउंटरवरच्या चादरीवर पाय पसरून आडवा होतो.

साडेसहाशे खरंच पुरत असतील, तर कॉम्प्युटर लाईटपायी बंद पडतं आणि हेरंब नशिबानं गेला. पुरत नसतील, तर दोन्ही त्याच्या हट्टापायी. वर्षभर हा घास तिला गिळता येत नाही, थुंकता येत नाही.

"एकदा म्हण, हेरंब. चुकलो म्हण. मग मी काही विचारणार नाही."

तो तिच्याकडे बघतो. किती थकलेला दिसतो, हे तिला आज कळतंय. पण तो नुसता करंडा तिच्यापुढे सरकवतो.

जाग येते तेव्हा उन्हं कलली आहेत. करंडा उघडा पडलाय, आणि साडेसहाशेच्या खोक्यावर कुंकवाचं ठसठशीत बोट. मेला तरी हेका सोडला नाही, असं तिच्या ओठांवर येतं. मग तिची नजर स्वतःच्या हाताकडे जाते. अनामिका लाल झालीये.

त्याला बरोबर ठरवायची घाई तिलाच झाली होती, झोपेतसुद्धा. स्वतःचा इतका राग तिला कधी आला नव्हता.

डाग लागलेलं खोकं आता परत जायचं नाही. राहू दे घरात. ती बोट परकराला पुसते, हजाराचं खोकं टरकावते, आणि कुंकू न लावताच जोडायला घेते.