गौरम्माचा मीटर

नागप्पा पाण्यात उतरतो आणि मी काठावर त्याचा दोर धरतो. नांदेड जिल्ह्यात कुठं माणूस बुडाला की आम्हा दोघांना बोलावणं येतं. गडी मूळचा उदगीरचा, बोलायला महाकंजूष. गळ्यात इष्टलिंग, पाठीवर हवेचं सिलिंडर, आणि आत हवा किती उरली ते बघायला दोन मीटर. एक मनगटावर, आकडे दाखवणारा. दुसरा नळीला लटकणारा, साधा काट्याचा. बघणारे हसायचे.

दुसरा मीटर ही त्याच्या बायकोची, गौरम्माची अट. "एक रुसला तर दुसऱ्याला इचारा," म्हणायची. लेकरूबाळ नव्हतं, म्हणून कामावर ती सोबतच यायची. दोन्ही मीटर ताडून बघायची, "बरोबर हाय, या आता," म्हणायची, मगच हा उतरायचा. मला ते जरा अतीच वाटायचं.

गेल्या श्रावणात गौरम्मा वारली. तेव्हापासून नागप्पा एकाच मीटरवर उतरू लागला. विचारलं की "हाय की एक" एवढंच. त्याला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

परवा इस्लापूरजवळच्या डोहात उमरीचा एक तरुण बुडाला. त्याचा बाप किशनराव काठावर बसून होता. नागप्पा खाली गेला आणि थोड्या वेळानं दोराला हिसके आले. वर आला तो रिकाम्या हातानं. पोरगा कपारीत अडकलेला सापडला होता, पण तेवढ्यात मनगटावरचा मीटर बंद पडला. हवा किती ते कळत नसताना खाली थांबणं म्हणजे मरणाला आवतण. वर येणं बरोबरच होतं, पण ते किशनरावला कसं सांगायचं? बाप नुसता पाण्याकडे बघत राहिला. त्यापेक्षा त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

माझं टाळकं सरकलं. नागप्पाला बाजूला ओढलं. "दुसरा मीटर कुठंय आप्पा? इकून खाल्ला का?"

"गौरम्माजवळ हाय," तो म्हणाला.

त्यांच्या लिंगायतांत माणसाला बसवून माती देतात आणि हातात इष्टलिंग ठेवतात. यानं गौरम्माच्या हातात लिंग ठेवलं आणि मांडीवर मीटर.

"तिला तिकडं काय करायचा मीटर?"

"माझ्यावर ध्यान ठिवाया." मग दोर गुंडाळू लागला. "हितं कोण हाय, ज्ञानोबा? घरी गेलो तर आलाव का म्हणून बी कुणी इचारत न्हाई."

माझा राग कुठल्या कुठं पळाला. एवढ्या वर्षांत मीही त्याला कधी ते विचारलं नव्हतं.

दिवस मावळेपर्यंत फोन करकरून एका ओळखीच्या पाणबुड्याकडून मी काट्याचा मीटर मागवला. सकाळी डोहावर नागप्पानं तो नळीला जोडला, मनगटावरच्यात नवी बॅटरी घातली आणि दोन्ही मीटर माझ्यापुढं धरले. मी ताडून बघितले.

"बरोबर हाय. जा."

तो हलेना. गुडघाभर पाण्यात माझ्याकडे पाठ करून तसाच उभा राहिला. किशनराव आमच्याकडे बघत होता. मला आधी वाटलं घाबरला. मग लक्षात आलं.

"या आता, आप्पा," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली आणि किशनरावच्या पोराला आणायला खाली गेला.